चाल कुणाची

आमच्या मुलीला अभ्यासाला बसताना गाणं लागायचं. तिच्या वडिलांना ते खपत नसे. मला चालायचं, फक्त गाणं कोणतं लावतेस ते मला कळलं पाहिजे, अशी माझी अट होती. एकदा तिने एन्याची सीडी लावली होती. एन्या ही आयर्लंडची गायिका. तिचा आवाज देवळाच्या घुमटात घुमावा तसा घुमतो, कारण ती स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवते. एकटीच गाते आणि एकटीचाच समुदाय होतो. मी पोळ्या लाटता लाटता शब्द पकडायचा प्रयत्न करत होते. इंग्रजी नव्हतं. विचारलं, "आयरिश आहे का गं?" तर म्हणाली, "नाही आई, ही कुठलीच भाषा नाही. गीतं लिहिणाऱ्या बाईंनी नवीच बनवलीय."

तसंच होतं ते. 'अमॅरंटाइन' हा २००५ सालचा संग्रह. एन्याची गीतं लिहिणाऱ्या रोमा रायन यांनी 'लॉक्सियन' नावाची भाषा रचली आणि त्यातली तीन गाणी त्या भाषेत आहेत. माझं लाटणं थांबलं. जगात कुणाच्या आईने ज्या भाषेत मुलाला हाक मारली नाही, त्या भाषेतलं गाणं ऐकायचं कशासाठी? मी बरंच बोलले. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दिव्यध्वनी निरक्षरी असतो, हे तूच शिकवलंस ना? अक्षरं नसतात आणि तरी प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळतं."

स्वाध्यायाला इतकी वर्षं बसून हे ऐकायची वेळ आली! कशाची तुलना कशाशी, असं म्हणून मी तिला दटावलं. वर म्हटलं, "तिथे अर्थ उलगडून सांगायला गणधर असतो. इथे कोण आहे?" उत्तर चटकन सुचलं म्हणून त्या दिवशी मी खूश होते. नंतर मात्र ते माझंच मला टोचायला लागलं.

एन्या ज्या घरातली, त्या घराची गोष्ट मला फार आवडते. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्समधला ब्रिटनी, इकडच्या जुन्या लोकसंगीतावरून जे नवं संगीत निघालं त्याला ढोबळपणे केल्टिक म्हणतात. आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या एका कुटुंबातली भावंडं आणि त्यांचे दोन जुळे मामा मिळून 'क्लॅनाड' हा संच गायचा. एन्या त्यांचीच बहीण, १९८० पासून ती त्यांच्यात होती. १९८२ साली त्यांचं आयरिश भाषेतलं एक गाणं, दूरदर्शनवरच्या 'हॅरीज गेम' या मालिकेसाठी केलेलं, थेट इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी एन्या घरच्या संचातून बाहेर पडली आणि पुढे १९८८ च्या 'वॉटरमार्क'ने जगभर पोचली. एका घरात दोन चुली झाल्या म्हणायच्या, आणि तेव्हापासून ऐकणाऱ्यांचेही तट पडले. कुणी म्हणतो, खरं ते क्लॅनाडचं सुरुवातीचं, वीणेसारख्या हार्पवरचं. कुणी म्हणतो, एन्याचं ऐकून झोप शांत लागते, बाकी मला ठाऊक नाही. आणि जे अगदी कडवे आहेत ते दोघांनाही नाकारतात. त्यांच्या मते गाणं म्हणजे 'शॉन-नोस', म्हणजे 'जुनी रीत'. वाद्य नाही, ताल नाही, एकटा माणूस डोळे मिटून गातो आणि जवळचा कुणीतरी त्याचा हात हातात धरून हळूहळू फिरवत राहतो. ते हात धरणं मला फार मोलाचं वाटतं. ऐकणाऱ्याने एवढं जवळ बसावं!

दूरदेशाचं एवढं सांगितलं, कारण हेच भांडण भोपाळमध्ये आमच्या जेवणाच्या ताटावर होतं. फक्त नाव आयर्लंडचं नसून कबीराचं असतं.

मला कुमार गंधर्व. माझं माहेर बेळगावकडचं आणि कुमारजी जन्मले बेळगावजवळच्या सुळेभावीचे, तेव्हा थोडा माहेरचा ओढा धरा. पण तेवढंच नाही. १९४८ साली क्षयाने खंगलेले कुमारजी हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर यायची ती माळव्यातल्या बायकांची गाणी आणि दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस कामातून गेलेलं होतं. लांब श्वासाची गायकी गेली आणि आखूड, झडप घातल्यासारखी, मध्येच थांबणारी गायकी आली. त्यांचं निर्गुणी भजन ऐकताना मला सुरापेक्षा सुरानंतरची जागा ऐकू येते. शब्द फेकतात आणि सोडून देतात. तानपुरा वाजत राहतो. त्या रिकाम्या जागेत सामायिकाला बसल्यासारखं वाटतं, असं मी एकदा बोलून गेले आणि घरात हशा झाला.

यजमानांना प्रल्हादसिंह टिपानिया. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे, शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर, २०११ चे पद्मश्री. एका हातात तंबुरा, दुसऱ्या हातात करताल, मागे ढोलक, मंजिरी, व्हायोलिन. दोन कडवी गातील की थांबून समजावतील. परत गातील, परत बोलतील. मला सुरुवातीला त्या बोलण्याचा कंटाळा यायचा. रस तुटतो, असं मी म्हणत असे. माझं मत हललं ते एका मिस्त्रींमुळे. घरी कपाटाच्या कामाला आले होते, तराण्याकडचे. मी कुमारजी लावले होते. त्यांनी रंधा थांबवून नीट ऐकलं आणि म्हणाले, "गाते तो बहुत ऊँचा हैं, पर बात किसको समझाई?" त्या माणसाच्या गावात कबीर ही संगीताची मैफल नसून रात्रभर बसून करायची चर्चा आहे. आमच्या बनारसीदासांची आठवण झाली. 'अर्धकथानका'त ते स्वतःच सांगतात की आग्र्याला धंदा बुडाल्यावर रात्री घरी 'मधुमालती' आणि 'मृगावती' वाचत बसायचे, दहावीस माणसं जमायची, गाणं आणि गप्पा बरोबरच चालायच्या. (कचोऱ्याही चालायच्या, उधारीवर. पण तो वेगळा विषय.) म्हणजे गात गात बोलणं ही आपल्याकडेही जुनीच रीत. रस तुटतो ही तक्रार मैफलीला तिकीट काढून जाणाऱ्या माझ्यासारखीची होती.

मुलीला 'नीरज आर्याज् कबीर कॅफे'. मुंबईचा बँड. या नीरज आर्यांनी टिपानियांना ऐकूनच कबीर उचलला, आणि त्याला मँडोलिन, व्हायोलिन, बास गिटार जोडली. लय वाढवली. पोरं उभी राहून नाचतात. मी टीका करायची म्हणून नीट चारपाच वेळा ऐकलं. वाजवणारे कच्चे नाहीत. नीरजच्या आवाजात खरखर आहे, ती कबीराला शोभते. माझी हरकत एवढीच की ध्रुवपद इतक्या वेळा येतं की सगळे तेच घेऊन घरी जातात. कबीराचा डंख असतो शेवटच्या कडव्यात, आणि तिथे पोचेपर्यंत टाळ्यांचा जोर एवढा झालेला असतो की तो कुणाला लागतच नाही. मुलगी म्हणाली, "आई, कुमारजींच्या शेवटच्या कडव्यातले शब्द तरी तुला कळतात का? तू तर त्यांच्या थांबण्यावर खूश असतेस." मी गप्प बसले. खरंच, शब्दाचा आग्रह धरणारी मी आणि माझा आवडता गवई शब्द सोडून देणारा.

तिथून मला असं वाटायला लागलं की आपण अस्सल आणि नकली असं जे भांडतो ते भांडण मुळात चुकीच्या जागी आहे. कुमारजींनी माळव्याच्या लोकधुनांतून धुनउगम राग बांधले, तेव्हा तीही मोडतोडच होती आणि तेव्हाही घराणेवाल्यांनी नाकं मुरडलीच. गाणाऱ्याने नवं काय घातलं यावर आपण चिडतो. गिटार घातली, ड्रम घातला. खरं विचारायचं ते हे की गाळलं काय. कुमारजींनी चर्चा गाळली, कबीर कॅफेने निवांतपणा गाळला, टिपानियांनी शांतता गाळली. ज्याला जे गाळलेलं चालतं, त्याची ती आवड. एन्याने तर भाषाच गाळली.

'इंडियन ओशन'च्या 'माँ रेवा'चंही तसंच. २००० सालच्या 'कंदिसा' संग्रहातलं हे नर्मदेचं लोकगीत राहुल राम यांनी नर्मदा आंदोलनात काम करताना त्या खोऱ्यातून उचललेलं. मला ते मनापासून आवडतं, बासचे ते जड स्वर नदीसारखे चालतात. पण आमच्या कॉलनीतली मुलं गाडीत ते मोठ्याने लावून नर्मदापुरमच्या घाटावर जातात तेव्हा बुडालेल्या गावांची आठवण त्या गाण्यात कुठे उरते? शब्दांत ती मुळातही नव्हती म्हणा. ती गाणाऱ्याच्या आयुष्यात होती, आणि तीच नेमकी ध्वनिमुद्रणात येत नाही.

आता घरातली गोष्ट सोडून मंदिरातली सांगते, कारण माझी खरी परीक्षा तिथे झाली.

मागच्या दसलक्षणात आमच्या महिला मंडळाच्या भक्तिसंध्येला सगळी भजनं सिनेमाच्या चालींवर होती. सोबत ढमढम करणारं कीबोर्ड. उत्तम क्षमेच्या दिवशी डोळे मिटावेत तर पावसात भिजणारी नायिका समोर येते! बैठकीत मी स्पष्ट बोलले, जरा जास्तच बोलले. पुढच्या वर्षी द्यानतराय, दौलतराम, भूधरदास यांचीच पदं घ्यायची आणि त्यांच्याच जुन्या चालींत, असं मी म्हटलं. एक नवी सून होती, लग्न होऊन वर्ष झालेलं. ती अगदी अदबीने म्हणाली, "आंटी, आपकी धुन में नींद आती है." बायका हसल्या. मी क्षमेच्या दिवशी रागावून घरी आले.

पुरावा शोधायला म्हणून पुस्तकं काढली आणि पुरावा निघाला तो माझ्याच विरुद्ध. गुजरात-राजस्थानातल्या आपल्या जुन्या कवींनी, साधूंनी सुद्धा, रास आणि स्तवनं रचली ती त्या काळच्या चालू लोकगीतांच्या चालींवर. त्याला 'देशी' म्हणत. प्रत्येक ढाळीच्या डोक्यावर, ही अमक्या गाण्याच्या चालीत म्हणावी, अशी त्या गाण्याची सुरुवात लिहून ठेवायचे. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ'मध्ये अशा देशींची भलीमोठी सूचीच दिली आहे. लग्नातली, विरहाची, थट्टेची गाणी. त्यातली कितीतरी मूळ गाणी आज कुणाला येत नाहीत, त्यांची पहिली ओळ तेवढी आपल्या पोथ्यांच्या मथळ्यावर राहिली आहे.

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही कुणीतरी माझ्यासारखी श्राविका डोळे मिटून बसली असेल आणि तिच्याही कानात बाजारातलं गाणं वाजलं असेल. ते गाणं लोक विसरले तेव्हा चाल धार्मिक झाली. आमची नातवंडं मोठी होतील, ती नायिका कुणाला ठाऊक नसेल, तेव्हा कीबोर्डवरची ती चालही शुद्ध होणार का? तर्काने हो म्हणावं लागतं. मन अजून म्हणत नाही.

आणि एक राहिलंच. ज्या 'जुन्या चाली'साठी मी भांडले ती माझ्या सासूबाईंची, अम्मांची. त्या सागरकडच्या. पहाटे निवडण-टिपण करताना द्यानतरायांचं एक पद म्हणायच्या. आमच्या घरच्या पुस्तकात त्या पदावर 'राग सोरठ' छापलंय. अम्मांची चाल सोरठ नाही, एवढं मला कळतं. त्या होत्या तोवर मी ती ध्वनिमुद्रित केली नाही, मोबाइल हातात असूनही. वाटायचं, रोजच तर म्हणतात. यंदा सागरहून त्यांची चुलत बहीण आली होती. मी ती चाल गुणगुणले तर म्हातारी खुदकन हसली. "अरे, ये तो बन्ने की धुन है!" बन्ना म्हणजे बुंदेलखंडात नवरदेवासाठी म्हणतात ती गाणी. अम्मांनी लग्नघरातली चाल उचलून द्यानतरायांना दिली होती. किंवा त्यांच्या आईने.

मंडळातल्या त्या सुनेला मी हे सांगितलं. सांगितलं नसतं तर मला झोप आली नसती. ती घरी आली, फोनवर माझं गुणगुणणं घेतलं, आणि आठ दिवसांनी गिटार घेऊन आली. पद पूर्ण म्हटलं, चारही कडवी, एकही गाळलं नाही. मध्ये थांबून एका ओळीचा अर्थही विचारला. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटी अम्मांचा आवाज खाली उतरायचा, तिथे तिने तो वर नेला. मी म्हटलं, "इथे खाली यायचं." तिने दोन्ही तऱ्हेने म्हणून पाहिलं आणि म्हणाली, "आंटी, मुझे ऊपर वाला अच्छा लग रहा है."

यंदाच्या दसलक्षणात ती तेच म्हणणार आहे, वर नेऊन. मी मागे मंजिरी घेऊन बसणार आहे आणि त्या ओळीला खालीच उतरणार आहे.