एक हात म्हणजे ४५.७२ सेंटीमीटर?

गणिताच्या मार्गदर्शकांत आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत शेवटच्या पानांवर ‘जुनी मापे’ असे एक कोष्टक पुष्कळदा आढळते. १ वीत = २२.८६ सेंमी, १ हात = ४५.७२ सेंमी, १ गज = ९१.४४ सेंमी. हे पाठ करायचे, त्यावर गुणाकार-भागाकार करायचे आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचे. गुणाकार बरोबर येतो, गुणही मिळतात. आमची तक्रार आहे ती ज्या आकड्याला गुणले त्याच्याबद्दल.

४५.७२ हा आकडा आला कुठून? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे हात, आणि तो साधारण दीड फूट भरतो. कोष्टक करणाऱ्याने ‘साधारण’ हा शब्द गाळला आणि १८ इंच लिहिले. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी हे मात्र अगदी नेमके आहे. १९५९ साली आंतरराष्ट्रीय करारानेच ते तसे ठरले. आता अंदाजाने घेतलेल्या १८ ला नेमक्या २.५४ ने गुणले की ४५.७२ मिळतात. यातला नेमकेपणा इंचाचा आहे, हाताचा नव्हे. प्रयोगशाळेत आमच्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले, तर आम्ही वही परत करतो आणि सार्थ अंक किती ते आधी ठरवून ये असे सांगतो. शाळेत मात्र तेच उत्तर ‘अचूक’ ठरते.

गजाची गोष्ट आणखी मजेची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी कोष्टकांत मुंबईचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ आणि बंगालचा ३६ इंचांचा दिलेला असे. आपल्या मार्गदर्शकांतला ९१.४४ सेंमीचा गज हा ३६ इंचांचा, म्हणजे इंग्रजी वारच. महाराष्ट्रातल्या मुलाला मुंबईचा गज मिळतच नाही!

पण कोष्टकाचा खरा घोटाळा दिसतो तो जमिनीच्या मोजणीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या काळातली मोजणीची काठी सांगितली आहे. तिची लांबी पाच हात पाच मुठी. हात चौदा तसूंचा. सगळी काठी मिळून ऐंशी तसू. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा. पाच हातांचे सत्तर तसू झाले, उरलेल्या दहा तसूंत पाच मुठी. म्हणजे मूठ दोन तसूंची आणि एका हातात सात मुठी. आपण मात्र चार अंगुळांची मूठ आणि चोवीस अंगुळांचा हात धरून, हातात सहा मुठी असे शिकवतो.

ही काठी मेट्रिकमध्ये आणून पाहू. मुंबईच्या २७ इंची गजाचे चोवीस तसू, म्हणजे तसू सव्वा इंचाहून थोडा कमी, १.१२५ इंच. त्या हिशेबाने काठी ९० इंच, सुमारे २२९ सेंमी. आता दुसऱ्या वाटेने जाऊ. मार्गदर्शकातला १८ इंची हात घेतला आणि त्याचे चौदा तसू केले, तर काठी जवळजवळ १०३ इंच, म्हणजे २६१ सेंमी होते. पहिल्या वाटेने बिघा सुमारे २०९० चौरस मीटर, दुसऱ्या वाटेने २७३०. फरक सहा गुंठ्यांहून जास्त! दोन्ही वाटांवरची आकडेमोड निर्दोष आहे. एका गावच्या तसूला दुसऱ्या ठिकाणचा हात जोडला, एवढेच झाले. सारा बिघ्यावर ठरायचा तेव्हा हा फरक शेतकऱ्याच्या घरातल्या धान्यात पडला असता. हात तसूंत बांधून घालण्याची गरज राज्यकर्त्यांना का वाटली असावी, हे मुलांना या एका उदाहरणावरून कळेल. कोष्टकावरून कधीच कळणार नाही.

मग रूपांतर शिकवूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंच नेमका असल्यामुळे तेही नेमके, ३.१७५ मिलीमीटर. नऊवारीतला वार ०.९१४४ मीटरचा, म्हणून नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. इथे दशांश स्थळे शोभतात. कोसाला ती शोभत नाहीत. लीलावतीतल्या कोष्टकाप्रमाणे कोस आठ हजार हातांचा, दीड फुटी हात धरला तर साडेतीन किलोमीटरांच्या वर; बोलीव्यवहारातला दोन मैलांचा कोस सव्वातीन किलोमीटरांच्याही आत.

शरीरावरच्या मापांसाठी वेगळी वाट आहे. प्रत्येक मुलाने स्वतःचा हात स्वतःच्या वितीने मोजावा. लहान मुलाचा हात आणि गुरुजींचा हात यांत खूप अंतर असेल, पण उत्तर बहुतेकांचे दोनच्या आसपास येईल. मग फळ्याची लांबी मुलाच्या हातांनी आणि गुरुजींच्या हातांनी मोजून ‘गुरुजींचे दहा हात म्हणजे तुझे किती?’ असे विचारावे. हे खरे रूपांतर. सगळ्या वर्गाचे हात सेंटीमीटरमध्ये मोजून सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे माप फळ्यावर लिहिले, की ४५.७२ मधला ७२ कुठे बसवायचा हे मुलेच विचारतील.

विहिरीची खोली सांगायचे ‘परस’ हे माप आमच्या पाहण्यातल्या एकाही मार्गदर्शकात नाही. ते माणसाच्या उंचीवरून आलेले आहे. एका परसात किती हात धरतात, हे मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना आणि विहीर खणणाऱ्यांना विचारून यावे. दोन घरांतून दोन उत्तरे आली, तर दोन्ही नोंदवावीत आणि शेजारी गावाचे नाव लिहावे.