थेरीगाथेतील अस्वस्थ मन आणि आपले ध्यान

थेरीगाथेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी झाला. भिक्षुणींच्या मुक्तीचा उद्गार म्हणून तिचे श्रद्धेने वाचन झाले आणि स्त्रीच्या स्वतंत्र आवाजाचा प्राचीन पुरावा म्हणून तिचा गौरव झाला. दोन्ही रास्तच आहे. परंतु पाच मिनिटे डोळे मिटून बसताच ज्याच्या डोक्यात घरभाडे, परीक्षा, मोर्चा आणि कालचे भांडण एकदम गर्दी करते, अशा माणसाने ही गाथा वाचावी, असे कोणी सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही. प्रस्तुत लेखात मला त्या वाचकाच्या बाजूने बोलायचे आहे.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी काही विद्यार्थी, एकदोन शिक्षक आणि कधीमधी चळवळीतली मुले आनापानाला बसतात. मीही बसतो. आनापान ही काही गूढ विद्या नाही. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास जाणत राहायचे, मन भटकले की पुन्हा श्वासावर आणायचे, एवढेच. पण उठल्यावर मुले हमखास एक वाक्य बोलतात : 'सर, आपल्याला नाही जमत.' या 'आपल्याला'वर मी बराच विचार केला आहे. मुलगा फक्त स्वतःविषयी बोलत नसतो. गणित आपल्याला जमत नाही, इंग्रजी आपल्याला जमत नाही, शुद्ध बोलणे आपल्याला जमत नाही, हे शाळेपासून त्याच्या कानावर पडत आलेले असते. इतरांनी उगारलेला चाबूक आता त्याच्या स्वतःच्या हाती आलेला असतो आणि श्वास निसटला की तो स्वतःच्याच पाठीवर ओढतो. ध्यानाची बैठक त्याच्या दृष्टीने आणखी एक तोंडी परीक्षा होऊन बसते.

आता गाथा पाहू. सामा नावाची थेरी सांगते की, प्रव्रज्या घेऊन पंचवीस वर्षे झाली तरी मनाला शांती म्हणून मिळाली नाही. उत्तमा चार-पाच वेळा विहारातून उठून बाहेर पडली. चित्त ताब्यात येईना. विजयाचेही तसेच. सीहा सात वर्षे भटकली, कृश झाली, रंग उतरला, आणि अखेर दोर घेऊन रानात शिरली. तिने फास गळ्यात घातला आणि त्या क्षणी तिचे चित्त मुक्त झाले, असे गाथा सांगते. थेरगाथेतला सप्पदास तर म्हणतो, पंचवीस वर्षांत चुटकी वाजवण्याइतका वेळही मन शांत झाले नाही. तोही वस्तऱ्यापर्यंत पोहोचला होता.

ही माणसे अर्हत गणली गेली आहेत, हे लक्षात घ्या. ज्या परंपरेला केवळ महिमा गायचा असतो तिने हे आकडे गाळले असते. पंचवीस वर्षे, सात वर्षे, चार-पाच वेळा : हा हिशेब ठेवण्याचे कारण काय? माझ्या मते येथे साहित्याची एक वेगळी नीती दिसते. अनुभव सजवायचा नाही, अपयश लपवायचे नाही आणि त्याबद्दल स्वतःला शिव्याही द्यायच्या नाहीत. दलित आत्मकथनाच्या वाचकाला ही नीती परकी वाटू नये. 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच माणूस. ऐकणारा दगडूला हाकलून देत नाही, हे त्या पुस्तकाच्या रचनेतले मला सर्वांत मोलाचे वाटते. ध्यानात आपण नेमके हेच करायला शिकत असतो, फक्त कागदाविना.

आणखी एक गोष्ट. उत्तमा काय, विजया काय, या थेरी शेवटी एखाद्या भिक्षुणीकडे जातात. उत्तमा तर सांगते, जिच्यावर विश्वास टाकता येईल अशीकडे गेले. बाईने बाईला समजावले. कुठे दटावणी नाही.

सोणाची कथा सर्वांना माहीत असते, पण ती कोणत्या मुद्द्यावर आहे हे विसरले जाते. श्रीमंताघरचा हा मुलगा चालत चालत ध्यान करताना पाय रक्तबंबाळ होईपर्यंत झटला आणि मग निराश होऊन घरी परतायचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेचे विचारले. तारा फार ताणल्या तर? फार सैल सोडल्या तर? मी हा दाखला आमच्या मुलांना हलगीने देतो. हलगी शेकावी लागते. कमी शेकली तर आवाज बद्द येतो, फार शेकली तर कातडे जाते. किती शेकायची हे वाजवणाऱ्याच्या हाताला कळते आणि पावसाळ्यात तो अंदाज बदलतो. मुलांना हे पटकन समजते. (हलगी हा आपल्यावर लादलेल्या कामाचा भाग होता, तिचे दाखले कशाला, असे एका मित्राचे म्हणणे आहे. त्यावर स्वतंत्रपणे बोलू.)

स्वतःविषयी मैत्री म्हणजे लाड, अशी समजूत मात्र मोडली पाहिजे. बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करायला सांगतो. आधार मल्लिका राणीचा आहे. तुला स्वतःहून अधिक प्रिय कोणी आहे काय, असे पसेनदी राजाने विचारले. अपेक्षा उघड होती. मल्लिका म्हणाली, नाही. अट्ठकथा तिला माळ्याची मुलगी म्हणतात. राजा तक्रारवजा हे भगवंतांना सांगायला गेला, तर त्यांनी मल्लिकेचेच म्हणणे उचलून धरले आणि पुढे जोडले की, प्रत्येकाला स्वतः असाच प्रिय असतो, म्हणून कोणी कोणाची हिंसा करू नये. ज्या समाजाला स्वतःचा स्पर्शही विटाळ वाटावा अशी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, त्याने मैत्री स्वतःपासून सुरू करणे ही लहान गोष्ट नाही.

कार्यकर्ते मित्र विचारतात, ध्यानाने माणूस थंडावत नाही काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सोशिकपणा हा गुण आपल्याला कोणी आणि कशासाठी शिकवला, हे आपण जाणतो. परंतु सोशिकपणा दुसऱ्याच्या अन्यायासमोर असतो आणि मी ज्याला धीर म्हणतो तो आपल्याच भटकणाऱ्या मनासमोर असतो. दोहोंची गल्लत झाली की ध्यान घातक ठरते. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात जीवन संपवले. अशा मृत्यूसमोर कोणी ध्यानाचा उपदेश करील तर तो निर्दयपणा होय. तेथे प्रश्न संस्थेला विचारायचा असतो.

शिबिरांविषयीही बोलले पाहिजे. सत्यनारायण गोयंकांनी १९६९ साली भारतात शिकवायला सुरुवात केली आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले. दहा दिवसांचे मौन, पहाटे चारला उठणे, शुल्क नाही. आपल्यातली असंख्य माणसे तेथे जाऊन आली आणि अनेकांचे भले झाले. माझी हरकत दोन ठिकाणी आहे. शरीरात उठणारी वेदना जुन्या संस्कारांची आहे, असे ऐकताच आपला माणूस ते 'मागच्या जन्मीचे' असे ऐकतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त स्पष्टपणे नाकारला आहे. ते येथे विसरून चालणार नाही. दुसरे, मैत्रीभावना तेथे शेवटी येते. चाबकाची सवय असलेल्या मनाला ती पहिल्या दिवशी हवी. १९७९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघाने आनापान आणि मैत्रीभावना जोडीने शिकवली, ते मला आपल्या परिस्थितीशी अधिक जुळणारे वाटते. बाबासाहेबांनीही करुणेच्या पुढे मैत्री ठेवली होती.

आणि थंडावण्याचेच म्हणाल तर पुण्णिका पाहा. ही पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या धाकाने थंडीतही नदीत उतरणारी. पाप धुण्यासाठी कुडकुडत उभ्या असलेल्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासव, मगरी सगळे स्वर्गात जातील की नाही? शांत चित्तातून आलेला हा प्रश्न आहे आणि तो पुरेसा धारदार आहे.

आमच्याकडे वर्षावासात ग्रंथवाचन होते. यंदा त्यानंतर दहा मिनिटे बसायचे आणि बसण्याआधी सामा, सीहा, सप्पदास यांपैकी एकाची गाथा वाचायची, असे ठरले आहे. उठल्यावर 'जमले का?' असे कोणी कोणाला विचारायचे नाही, ही अट मुलांनीच घातली.