मद्यार्क, पाणी आणि बहुवारिक पटल : एका प्रतिमानाचे परीक्षण

मद्यार्क व पाणी यांचे मिश्रण वातावरणीय दाबाखाली ऊर्ध्वपातनाने एका मर्यादेपलीकडे वेगळे होत नाही. वजनाने सुमारे ९५.६ टक्के मद्यार्क झाला की द्रव व बाष्प यांचे घटन सारखेच राहते. बहुवारिक पटलाने ही अडचण ओलांडता येते. पटलाच्या एका बाजूस उष्ण मिश्रण व दुसऱ्या बाजूस निर्वात ठेवला असता पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या पटलातून मुख्यतः पाणीच बाष्परूपाने बाहेर पडते.

या क्रियेच्या गणिती विवेचनात वायमन्स व बेकर यांचा १९९५ सालचा समीक्षालेख मूलभूत मानला जातो. पदार्थ प्रथम पटलात विरघळतो, नंतर विसरणाने पलीकडे जातो, ही त्याची भूमिका. पटलाच्या आत दाब एकसारखा असतो आणि गतीला कारण होतो तो संहतीचा उतार, या एकाच गृहीतकावरून अपोहन, व्युत्क्रम परासरण, वायुविलगन व प्रस्तुत क्रिया यांची समीकरणे त्यांनी काढून दाखविली. हे एकसूत्रीकरण निःसंशय मोलाचे आहे. प्रवाह हा दोन बाजूंच्या आंशिक बाष्पदाबांतील फरकाशी जोडल्याने बाष्पीभवनाचा वाटा कोणता आणि पटलाचा गुण कोणता, हेही स्पष्ट होते.

तथापि सोप्या रूपातील या प्रतिमानात प्रत्येक घटकाची पार्यता स्थिर धरलेली असते, आणि मद्यार्क-पाणी मिश्रणाच्या बाबतीत नेमके हेच टिकत नाही. पाण्याने पटल फुगते, बहुवारिकाच्या साखळ्या सैल होतात आणि त्या सैलपणाचा लाभ मद्यार्कालाही मिळतो. म्हणून शुद्ध द्रवांवर मोजलेल्या पार्यतांवरून मिश्रणाचे वर्तन सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणून विसरणांक संहतीनुसार घातांकी रीतीने वाढतो असे मानण्याची प्रथा आहे. उपाय अयोग्य नाही. परंतु त्यातील स्थिरांक प्रवाहाच्या मोजमापावरूनच ठरवावयाचे आणि मग त्याच प्रवाहाशी मेळ दाखवावयाचा, यास भाकीत म्हणता येणार नाही. शोषण आणि विसरण स्वतंत्रपणे मोजून, न पाहिलेल्या घटनाचा प्रवाह आधी सांगणे, हीच खरी कसोटी होय.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. पाणी ५ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांपर्यंत उतरविताना प्रेरक दाब तर घटतोच. शिवाय पटल आवळत गेल्याने पाण्याची पार्यताही कमी होते. आरंभीच्या पार्यतेवर हिशेब केल्यास पटलाचे आवश्यक क्षेत्रफळ कमी भरते आणि उभारलेले संयंत्र शेवटच्या टप्प्यावर अपुरे पडते. बाष्पीभवनास लागणारी उष्णता मिश्रणातूनच घेतली जात असल्याने तेही थंड होत जाते. म्हणून टप्प्याटप्प्यांत तापक बसवावे लागतात. तापमान स्थिर मानणाऱ्या गणिताला याची दखल नसते.

सारांश, वायमन्स व बेकर यांनी दिलेली चौकट टाकून देण्याचे कारण नाही. ती आरंभ म्हणून स्वीकारावी. मात्र समीकरणाची वक्ररेषा प्रयोगबिंदूंवरून गेली एवढ्याने पटलाचे अंतरंग कळले, असे समजणे घाईचे ठरेल.