थॅलिडोमाइडची अर्धी गोष्ट

डाव्या-उजव्या रेणूंचा पाठ शिकवताना आपण थॅलिडोमाइडची गोष्ट हमखास सांगतो. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनीही ते मळमळीवर घेतले, हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथे ते मागे घेण्यात आले. गोष्टीचे तात्पर्यही ठरलेले: एक रेणू झोप आणणारा, त्याचे आरशातील रूप गर्भाला घातक, दोन्ही वेगळे केले असते तर अनर्थ टळला असता.

या तात्पर्यावर आमचा आक्षेप आहे.

मुळात हे रेणू वेगळे कसे करतात, ते गोष्टीत येतच नाही. दोघांचे वजन, द्रवणांक, पाण्यातील विद्राव्यता सारखीच. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात नीट बसत नाही. तसा, स्वतःच डावे-उजवेपण असलेला तिसरा रेणू मदतीला घ्यावा लागतो. कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे केसासारख्या बारीक नळीतील विद्युत्‌संचलन, या पद्धतीत हे काम सायक्लोडेक्स्ट्रिन करते. ग्लुकोजच्या कड्यांनी बनलेला हा वाटीसारखा रेणू. थॅलिडोमाइडवर विद्युत्‌भार नसतो, म्हणून विद्युत्‌क्षेत्रात ते स्वतः सरकत नाही. भारित सायक्लोडेक्स्ट्रिन त्याला वाहून नेते. वाटीत जे रूप अधिक घट्ट बसते ते आधी पोचते. परंतु सिलिकाच्या उघड्या भिंतीवर ऋणभार असतो आणि त्यामुळे सगळे द्रावणच वाहू लागते. हा प्रवाह दाबण्यासाठी नळीला आतून पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा लेप देतात. लेप रेणू निवडत नाही. निवड वाटी करते.

दोन्ही रूपे अशी वेगवेगळी मोजता येऊ लागल्यावर जे दिसले, त्याने गोष्टीचे तात्पर्यच उलटले. शुद्ध एकच रूप दिले तरी शरीरात काही तासांतच त्यापासून दुसरे तयार होते. केवळ ‘चांगले’ रूप देऊन गर्भ सुरक्षित राहिला नसता.

हा शब्दच्छल नव्हे. १९९८ साली अमेरिकेत थॅलिडोमाइडला कुष्ठरोगातील एका दाहक गुंतागुंतीसाठी परवानगी मिळाली. आजही ते दोन्ही रूपांचे मिश्रण म्हणून आणि गर्भधारणेबाबत कडक बंधने घालूनच दिले जाते. अर्धी गोष्ट ऐकलेल्या विद्यार्थ्याला वाटेल, रूपे वेगळी केली की बंधनांची गरज नाही.

वेगळे करणे व्यर्थ आहे, असे आम्ही म्हणत नाही. वेगळे करून मोजले म्हणूनच तर हे कळले. गोष्ट जरूर सांगावी. मात्र शेवटी वर्गाला एक प्रश्न विचारावा: वेगळे केलेले वेगळेच राहते का?