माय तायमध्ये अननस नसतो

अस्सल माय ताय पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. उष्णकटिबंधातलं रमचं कॉकटेल म्हटलं की डोळ्यांसमोर लाल-पिवळे थर, अननसाची फोड, चेरी आणि कागदाची छत्री येते. इथे बुटक्या, रुंद तोंडाच्या ग्लासात मधाच्या रंगाचं गढूळसर पेय, वर बर्फाचा चुरा, त्यात पालथं घातलेलं पिळलेल्या लिंबाचं साल आणि पुदिन्याचा एक तुरा. बस्स. पण ग्लास नाकाजवळ नेला की पिकून काळपट झालेल्या केळ्याचा आणि त्यामागून अननसाचा वास येतो. अननसाचा थेंबही त्यात नाही. तो वास येतो कुठून हे शोधत गेलं की या पेयाची सगळी बांधणी हाती लागते.

व्हिक्टर बर्जरॉन ऊर्फ ट्रेडर व्हिक या माणसाने कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या आपल्या रेस्टॉरंटात १९४४ साली हे पेय रचलं. निदान तो तसं सांगत असे. त्याचा प्रतिस्पर्धी डॉन बीच याचाही त्यावर दावा होता. हा वाद चवीने ऐकावा, निकालाची घाई करू नये. महायुद्धामुळे अमेरिकेतल्या व्हिस्कीच्या भट्ट्या औद्योगिक अल्कोहोल गाळण्यात गुंतल्या होत्या आणि कॅरिबियन बेटांवरून रम मात्र येत होती. बर्जरॉनच्या हाती जमैकाच्या जे. रे अँड नेफ्यू कंपनीची सतरा वर्षं मुरलेली रम होती. त्या रमला न झाकता तिच्याभोवती काय ठेवता येईल, एवढाच त्याचा प्रश्न. उत्तरही तेवढंच आटोपशीर: दोन औंस रम, म्हणजे आपला लार्ज पेग, एका लिंबाचा रस, अर्धा औंस ऑरेंज कुरासाव, पाव औंस ऑर्झा हे बदामाचं सरबत, पाव औंस खडीसाखरेचा पाक. रमच्या पुढ्यात बाकी सगळ्यांनी आवाज किती खाली ठेवलाय ते या मापांतच दिसतं.

आता रम. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या मराठी माणसाला मळीचा वास ओळखावा लागत नाही, तो अंगात मुरलेला असतो. जमैकाची रम त्याच मळीची, पण तिथली जुनी रीत निराळी. मळी घाईने आंबवायची नाही. काही डिस्टिलऱ्यांत ती दिवसच्या दिवस आंबत ठेवतात. एका खेपेचं ऊर्ध्वपातन झाल्यावर भांड्यात उरलेलं काळं पाणी, म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यांना विल्हेवाटीची चिंता लावणारा स्पेंट वॉश, तिथे ‘डंडर’ म्हणून जपतात आणि पुढच्या आंबवणीत घालतात. त्यातल्या आम्लांचा अल्कोहोलशी संयोग होऊन एस्टर तयार होतात आणि तांब्याच्या पॉट स्टिलमधून ते रममध्ये उतरतात. त्यांतलं एथिल ब्युटिरेट हे अननसाच्या वासाचं. आपला अननस सापडला तो इथे. पुढे हवाईतल्या हॉटेलांतून माय तायमध्ये अननसाचा रस घालण्याची चाल पसरली, ती म्हणूनच मला अरसिक वाटते: जे सुगंधात सूचित होतं ते रसात ठासून सांगितलं की सूचकताही जाते आणि रमही बुडते.

बर्जरॉनची ती सतरा वर्षांची रम त्याच्याच पेयाच्या लोकप्रियतेपायी संपली. मग पंधरा वर्षांची आली, तीही अपुरी पडू लागली आणि शेवटी तो जमैका आणि मार्टिनिक इथल्या रमचं मिश्रण वापरू लागला. घरी करणाऱ्याला ही मोठीच मुभा आहे. मिळाली तर ४५ मिली अ‍ॅपल्टनची बारा वर्षांची आणि १५ मिली हॅम्पडेनसारखी तिखट, पॉट स्टिलची रम घ्यावी. पहिली अंग देते, दुसरी तो फळांचा दर्प. ओल्ड मंकवर माझा लोभ आहे, थंडीत गरम पाण्याबरोबर तिला तोड नाही. पण इथे तिचा व्हॅनिला लिंबावर आणि बदामावर असा पसरतो की बाकी काही ऐकूच येत नाही.

लिंबाच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान. अमेरिकेत सहसा मिळतं ते मोठं, बिनबियांचं पर्शियन लाइम. आपलं कागदी लिंबू त्याहून आंबट आणि सुगंधी. परदेशी बारटेंडर ज्याला की लाइम म्हणून कौतुकाने मिरवतात त्याच जातीचं. एका मोठ्या लाइमच्या जागी दोन कागदी लिंबं लागतील, साधारण २५ मिली रस, आणि तो त्याच वेळी काढलेला. लिंबं हिरवीच निवडा, कारण साल पुढे ग्लासात जायचं आहे. पिळताना हात आवरता घ्या. सालाच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्यापर्यंत दाब गेला की कडवटपणा उतरतो, आणि या पेयातला कडवटपणा कुरासावसाठी राखून ठेवलेला आहे. कुरासावबद्दल फार लिहायला नको. कडू संत्र्याच्या वाळलेल्या सालींचं ते मद्य कोरडं असावं आणि निळं नसावं. निळेपणा निव्वळ रंगाचा, चवीला त्याने काही मिळत नाही. पण लिंबाच्या धारदार आंबटपणाला रमच्या लाकडी, जळकट गोडीशी जोडणारी ही साल काढून पाहा: दोन्ही चवी एकमेकींकडे पाठ फिरवून बसतात.

ऑर्झा हा या रचनेतला सर्वांत नाजूक अवयव. पाव औंस म्हणजे साडेसात मिली, दीड चहाचा चमचा. वरणातल्या हिंगासारखं त्याचं आहे. असलं की कुणी नाव काढत नाही, नसलं की पहिल्या घोटाला कळतं. बाजारच्या बाटलीत बहुधा बदामाच्या इसेन्सचा ठसका असतो आणि पेयाला मार्झिपानचा वास मारतो. घरचं करणं अवघड नाही. भिजवून सोललेले २०० ग्रॅम बदाम जाडसर वाटून ३०० मिली पाण्यात तीन-चार तास ठेवावेत, मलमलीतून घट्ट पिळून घ्यावेत, निघालेल्या दुधाच्या वजनाइतकी साखर घालून मंद आचेवर विरघळेपर्यंतच ढवळावं. उकळू देऊ नये. उकळलेल्या बदामाला शिजका वास येतो. थंड झाल्यावर ऑरेंज ब्लॉसम वॉटरचे काही थेंब. ते नसलं तर गुलाबपाणी चालेल, पण थेंब मोजून. केवडा मात्र नको, तो कुणाला बोलूच देत नाही. हे सरबत फ्रिजमध्ये ठेवलं की थर सुटतात, वापरताना बाटली हलवायची. माय तायचा तो गढूळपणा, ज्याला पाहणारा नाक मुरडतो, त्यात लिंबाच्या रसाइतकाच बदामाच्या दुधाचा वाटा आहे. जिभेवर रम इतकी मऊ लागते ती बदामाच्या स्निग्धपणाने. एवढ्याशा मापात चव आणि पोत दोन्ही सांभाळणारा दुसरा घटक मला माहीत नाही.

खडीसाखरेचा पाक पाहून मराठी वाचकाला आपलं माणूस भेटल्यासारखं होईल. दोन भाग साखर, एक भाग पाणी असा दाट पाक पुरतो. हा पाव औंस लिंबानुसार कमीजास्त करण्याची सवलत आहे. कृतीत घरच्या हाताला मोकळीक मिळते ती इथेच. ऑर्झा वाढवून गोडी आणू नये, बदाम पुढे सरतो.

मग बर्फ. स्वच्छ जाड फडक्यात खडे बांधून बत्त्याने ठोकावेत. चुरा गोळेवाल्याच्या किसापेक्षा जाड हवा. सगळं शेकरमध्ये घालून दहा सेकंद जोरात हलवायचं आणि, लक्ष द्या, न गाळता बर्फासकट ग्लासात ओतायचं. बारीक बर्फ लवकर विरघळतो, आणि नेमकं तेच इथे हवं असतं. एवढा लार्ज पेग आणि वर मद्यच असलेलं कुरासाव, यांना पाणी मिळालं नाही तर एस्टर उघडत नाहीत, अल्कोहोलच्या झणक्यामागे दबून राहतात. विरघळणाऱ्या बर्फाचा हिशोब बर्जरॉनने मापांतच धरून ठेवला होता. कृतीत न लिहिलेला सहावा घटक म्हणजे हे पाणी.

पिळलेल्या लिंबाची अर्धी वाटी पालथी घालायची आणि शेजारी पुदिन्याचा तुरा खोचायचा: हे बेट, हे माडाचं झाड. चित्र बालिश आहे आणि मला आवडतं. पण तुऱ्याचं खरं काम नाकाशी. खोचण्याआधी तो तळहातावर हलकेच आपटावा, चुरगळू नये; पानांवरचं तेल मोकळं होतं आणि पान काळं पडत नाही. स्ट्रॉ घेतलीच तर आखूड घ्यावी, म्हणजे प्रत्येक घोटाला नाक पुदिन्यात जातं आणि आधी हिरवा, मग सालीचा, मग रमचा वास अशी चढती रांग लागते. ग्लासाच्या वर गडद रमचा थर सोडायची नंतरची फॅशन ही रांगच मोडते. शेवटी यायचं ते आधीच येऊन बसतं.

लगेच संपवू नये. पहिल्या घोटात लिंबू आणि अल्कोहोल पुढे असतात. पाच-सात मिनिटांत बर्फ उतरतो, आंबटपणा सैल पडतो आणि ते अननस-केळं पूर्ण फुलतं. पेयाचा ऐन भर तोच. तळाशी जाताना बहुतेक कॉकटेलं पाणचट होऊन हात टेकतात. इथे रम मागे सरू लागली की तोवर न जाणवलेला बदाम वर येतो, त्याच्या मागे ऑरेंज ब्लॉसम. शेवटचे दोन घोट जवळजवळ सरबताचे, आणि तेही पिण्यासारखे.