इंटरनेट, आंदोलन आणि संघटना : ‘ट्विटर अँड टिअर गॅस’ या ग्रंथाच्या निमित्ताने

इंटरनेटमुळे आंदोलन उभारणे सोपे झाले, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. त्यामुळे आंदोलन बळकट झाले काय, हा प्रश्न झेनेप तुफेक्ची यांनी ‘ट्विटर अँड टिअर गॅस’ (२०१७) या ग्रंथात नेटाने विचारला आहे. मूळच्या तुर्की असलेल्या या समाजशास्त्रज्ञ लेखिकेने कैरोतील तहरीर चौक (२०११) व इस्तंबूलमधील गेझी उद्यान (२०१३) येथील आंदोलने जवळून अभ्यासली आहेत.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले, त्यामागे बेयार्ड रस्टिन आणि सहकाऱ्यांचे काही महिन्यांचे परिश्रम होते. बसगाड्या, जेवण, ध्वनिवर्धक अशा किरकोळ वाटणाऱ्या कामांतूनच एकत्र निर्णय घेण्याची सवय घडली, आणि सत्ताधाऱ्यांना गर्दीमागे ती सवय दिसत होती. आज तेवढीच गर्दी काही दिवसांत जमते. सवय मात्र घडलेली नसते. गेझीत सरकारशी बोलण्याची वेळ आली, तेव्हा कोणाच्या वतीने कोणी बोलावे हाच पेच पडला. ग्रंथातील हे विवेचन सर्वांत सकस आहे. मोर्चाचे बळ केवळ डोकी मोजून सांगणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांनीही ते वाचावे.

महाराष्ट्रातील एका उदाहरणावर ही मांडणी तपासता येते. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईस आले. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांनी शहरी मध्यमवर्गापर्यंत पोहोचविली, हे खरेच. परंतु दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय टाळण्यासाठी थकलेल्या पायांनी रात्रीच आझाद मैदान गाठणे, ही १९३६ पासून चालत आलेल्या संघटनेची शिस्त होती. १२ मार्च रोजी लेखी आश्वासन मिळाले. येथवर तुफेक्चींचे म्हणणे पटते.

अडचण त्यापुढे आहे. आश्वासने पुरी न झाल्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये, मोर्चा निघाला. प्रतिनिधी होते, मागण्या स्पष्ट होत्या, पुन्हा चालण्याचे बळ होते. तरी वनहक्काचा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागला. आंदोलनाची क्षमता ओळखूनही निव्वळ वेळ काढणारी सत्ता लेखिकेच्या चौकटीत नीट बसत नाही. शासनांच्या प्रत्युत्तराविषयीचे तिचे लेखन माहितीचा पूर, गोंधळ आणि अविश्वास यांवर भर देते. सहीशिक्क्यासह आश्वासन देऊन कालहरण करण्याच्या जुन्या, इंटरनेटपूर्व कलेविषयी तेथे फारसे काही सापडत नाही.