आत्मकथनांतले शाळकरी मूल

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. माझी तक्रार आहे ती आपल्याच समीक्षेविषयी. प्रस्थापित समीक्षकांनी या पुस्तकांत भाषेचा वेगळेपणा पाहिला, आपण विद्रोह पाहिला. दोघांच्याही नजरेतून वर्गात मान खाली घालून बसलेले मूल सुटले. विद्रोह हा लिहित्या, जाणत्या माणसाचा असतो. घाव बसतो त्या वयात मुलाला राग येत नाही, लाज वाटते. दोष आपलाच असावा, असे वाटते.

बाबासाहेबांच्या इंग्रजी आठवणी १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने आल्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांचे बसण्याचे गोणपाट वेगळे होते. नोकर त्याला शिवत नसे म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. ही हकीकत ते एका शब्दाचाही आक्रोश न करता सांगतात. पण इतक्या वर्षांनी ते गोणपाट आठवते, यातच सारे आले.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला ऐकवतो. याला आपण निवेदनाची युक्ती म्हणून मोकळे झालो. मला ती युक्ती वाटत नाही. शिकलेला माणूस आणि त्याच्या आतले पोर अजून एका आसनावर बसू शकत नाहीत, याची ती कबुली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेची सहल आहे. तिथे महारांच्या पोरांची पंगत वेगळी, आणि मागाहून गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. जे सोसले ते लिहिता येत नाही आणि जे लिहायचे ते घडलेले नाही, अशा कोंडीत मूल सापडते. पण याच पुस्तकात दुसरे गुरुजीही आहेत. शाळेच्या दप्तरात ते मुलाच्या बापाचे नाव लिहितात आणि त्या बापाने दमदाटी केली तरी खोडत नाहीत. मुलाच्या मनाला आधार देणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट मी कुठे वाचलेले नाही.

आज शाळांत मानसिक आरोग्याची भाषा आली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक हवा, असे बजावले. वंचित समाजातल्या विद्यार्थ्यांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या, असेही सांगितले. हे स्वागतार्हच आहे. धास्ती आहे ती एवढीच, की पहिली गोष्ट होईल आणि दुसरी फायलीत राहील. मग मुलाला समुपदेशकाच्या खोलीत पाठवले जाईल आणि वर्ग जसाच्या तसा राहील. गोणपाट काढायचे सोडून त्यावर बसणाऱ्याचे मन तपासणे, हा उपचार नव्हे.

मी हे कोणत्या तोंडाने सांगतो? माझ्या शाळेत शिष्यवृत्तीची नावे जातीच्या प्रवर्गासह पुकारली जात आणि आम्ही उभे राहत असू. घरात पहिला पदवीधर मी. ते उभे राहणे विसरलो असे समजत होतो. मागच्या वर्षी अकरावीच्या वर्गात तशीच यादी मी स्वतः मोठ्याने वाचली. एक मुलगी उठली नाही. तास संपल्यावर आली आणि म्हणाली, "सर, माझं नाव होतं त्यात."

"मग उठली का नाहीस?" मी विचारले. ती गप्प राहिली. उत्तर मला ठाऊक होते.

त्याच वर्गाला मी 'बलुतं'तला उतारा शिकवला होता. विद्रोहाची लक्षणे फळ्यावर लिहून दिली होती. आता यादी मी वाचत नाही. एकेकाला बोलावून सांगतो. पण आत्मकथने वाचूनही मला हे एका मुलीच्या गप्प राहण्याने शिकावे लागले. तेव्हा या पुस्तकांचे आपण नेमके काय वाचत आलो, हा प्रश्न प्रथम मला आणि मग आपणा सर्वांना आहे.